वांगं

आमच्याकडं चातुर्मासात वांगं घरात येत नसे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला, की शेतात भरताच्या पंगती सुरू व्हायच्या. जळगाव जिल्ह्यातल्या भादली-बामणोदकडची मोठाली, पांढरट हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलून मिरची-लसणाबरोबर लाकडी मुसळीनं ठेचायची. कांद्याची पात, शेंगदाणे आणि सढळ हातानं तेल. सोबत कळण्याची भाकरी.

पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि ‘ब्रिंजल’ घोकत घरी आले. आजी धुळ्याकडची. ती अहिराणीत म्हणाली, “हाई काय नाव शे?” मलाही ते साहेबाचंच नाव वाटलं.

पुढं धुळ्यालाच शिकायला गेले. मराठी शब्दांची मुळं खणणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी या गावात वारले. १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं उभं राहिलं. त्यावरून जाता-येता मलाही शब्दांचा नाद लागला. पहिला शब्द अर्थातच वांगं.

संस्कृतात तो वातिंगण. त्याच्याही आधीचं मूळ बहुधा द्रविड. प्राकृतात झिजत झिजत आपलं वांगं झालं. तोच शब्द इराणात बादिंगान झाला. अरबांनी त्याचा बादिंजान केला, पुढं ‘अल्’ लावला आणि भाजीसकट स्पेनला नेला. कातालान भाषेत तो ‘अल्’ टिकला, अल्बर्जीनिया. त्यावरून फ्रेंचांचं ओबर्जीन. पोर्तुगीजांचं झालं बेरिंजेला, आणि त्यांच्या गलबतांतून ते हिंदुस्थानात उतरलं. तेच हे ब्रिंजल! इटलीत मेलांझाना म्हणतात. लोकांना त्यात ‘मेला इन्साना’, म्हणजे वेडं सफरचंद, ऐकू आलं. खाल्लं की वेड लागतं, असा समज पसरला. खंडोबाच्या नैवेद्याला असं नाव पडावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१६ मध्ये आमच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नोंदीत नाव आहे ‘जळगाव भरीत ब्रिंजल’. आजी असती तर तिला जवळ बसवून सांगितलं असतं, की अगं, हे आपलंच आहे, लांबून फिरून आलंय.

लेक आता फ्रान्समध्ये असते. तिथलं ओबर्जीन काळंजांभळं, लहानखुरं; कपाशीच्या काड्यांचा धूर तर कुठून आणणार? तरी चंपाषष्ठीला ती भरीत करते, आणि फोनवर विचारते, “आई, वांगं आधी टोचून घेऊ ना?”