कुठे सापडला?

चारमथला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधलं हे गाव. इथले काळपट, चिखलट कडे पावसाळी हवेत ढासळतात, लाटा चिखल धुऊन नेतात आणि जड ते, म्हणजे जीवाश्मही, मागे राहतं. अमोनाइट मी बघताक्षणी ओळखला; देवघरातल्या शाळिग्रामात तेच चक्र आहे. बंदुकीच्या गोळीसारखे बेलेम्नाइट लेकीने ओळखले. एक खडा मात्र कुणालाच ओळखू येईना. अंगठ्याएवढा, करडा, एका टोकाला निमुळता, अंगावर पीळ.

लेक म्हणाली शंख, जावई म्हणाले हाड. फोनने आधी लाकूड सांगितलं, मग बटाटा. मला तो मनातून हाडच हवा होता, तोही एखाद्या अगडबंब प्राण्याचा. पिशवीत टाकेपर्यंत मी त्याला कुळीसुद्धा देऊन टाकली होती.

किनाऱ्यावरच्या माहिती केंद्रातल्या मुलीने खडा हातात घेण्याआधीच विचारलं, कुठे सापडला? गावाच्या कोणत्या अंगाला, कड्याच्या पायथ्याशी की वाळूत? कोणत्या थरातून आला ते कळलं, की निम्मी ओळख पटते म्हणे. आपणही नव्या माणसाला आधी ‘मूळचे कुठले?’ असंच विचारतो की! मग तिने भिंग माझ्या हातात दिलं. पिळाच्या खाचेत काळे, चकचकीत कण होते. माशांचे खवले.

“कॉप्रोलाइट,” ती म्हणाली आणि हसली. म्हणजे विष्ठा. जवळपास वीस कोटी वर्षांपूर्वीची. एखाद्या इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाची, नाहीतर मोठ्या माशाची. त्याहून नेमकं तिने सांगितलं नाही, आणि मला तिचा तोच गुण आवडला.

असे खडे पूर्वी बेझोअर म्हणून ओळखले जात, म्हणजे गोरोचनासारखे जनावराच्या पोटात तयार होणारे. शेजारच्या लाइम रीजिसची मेरी ॲनिंग जीवाश्म विकून पोट भरायची. इक्थिओसॉरच्या सांगाड्यात हे खडे नेमके पोटाच्या जागी सापडतात, हे तिच्या लक्षात आलं. तिने ते फोडले. आत माशांची हाडं आणि खवले. विल्यम बकलंड या प्राध्यापकाने १८२९ मध्ये त्यांना कॉप्रोलाइट हे नाव दिलं. त्याच्याकडे अशा खड्यांचे काप जडवलेलं एक मेजही होतं. ते आता लाइम रीजिसच्या संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय मेरीच्या जन्मघराच्या जागेवर उभं आहे. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत मात्र स्त्रियांना सदस्यत्व मिळायला १९१९ साल उजाडलं. मेरी १८४७ मध्येच गेली होती.

खडा आता पुण्याच्या घरी, खिडकीत आहे. आणल्यावर मी तो दोनदा साबणाने धुतला.