संघ कुणाला म्हणायचे?

१/ कोणत्याही स्पर्धेआधी एक सामना कागदावर खेळला जातो: संघ कुणाला म्हणायचे? माझे गाव फोंडाघाट, कणकवली तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. घाट चढला की कोल्हापूर जिल्हा, दक्षिणेस गोवा आणि घराघरातला चाकरमानी मुंबईत. आपला संघ कोणता, हे ठरवणे अशा गावात सोपे नसते.

२/ मुंबईच्या क्रिकेटने या प्रश्नाला दिलेले पहिले उत्तर धर्म आणि वंश हे होते. १८९२ पासून युरोपीय विरुद्ध पारशी हे प्रेसिडेन्सी सामने नियमित झाले. १९०७ मध्ये हिंदू आले, स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम आले, चौरंगी झाली. १९३७ मध्ये ‘रेस्ट’ आले आणि पंचरंगी झाली.

३/ ‘रेस्ट’ म्हणजे उरलेले! सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून या संघात. १९४३ च्या पंचरंगीत हिंदूंविरुद्ध दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या. तरीही संघ डावाने हरला.

४/ १९३४ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली. तिने माणसे प्रांत व संस्थान यांनुसार वाटली. तेच हजारे येथे आधी महाराष्ट्राचे, मग बडोद्याचे. गांधीजींनी १९४० मध्ये पंचरंगीला विरोध दर्शवला; १९४६ नंतर ती झालीच नाही. पुढे संस्थाने विलीन झाली. चार वेळा रणजी जिंकणारा होळकर संघ इतिहासजमा झाला, बडोद्याचा मात्र आजही खेळतो. नकाशा बदलला तरी संघांची यादी त्याच्या मागोमाग निमूटपणे बदलत नाही.

५/ १९६० मध्ये राज्य एक झाले, संघ मात्र तीनच राहिले: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. सिंधुदुर्ग येतो महाराष्ट्र संघाकडे, ज्याच्या संघटनेचे मुख्यालय पुण्यात आहे. माझे आजोबा गिरणी कामगार. त्यामुळे घरी ‘आपला संघ’ म्हणजे मुंबई. मन परळला, नोंद पुण्याला!

६/ २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोढा समितीचे ‘एक राज्य, एक मत’ हे तत्त्व मान्य केले. तिन्ही संघटनांनी एक मत आळीपाळीने वापरायचे होते. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयानेच तिघींना पूर्ण सदस्यत्व परत दिले. मधल्या काळात, १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने २०१७-१८ मध्ये ती प्रथमच जिंकली होती.

७/ त्याच तत्त्वाने दुसरे दारही उघडले. २०१८-१९ मध्ये बिहार, उत्तराखंड आणि ईशान्येकडील राज्यांसह नऊ संघ आले. २८ चे ३७ झाले. दर्जा घसरेल, अशी टीका झाली. उत्तराखंडाने पहिल्याच हंगामात उपांत्यपूर्व फेरी गाठली.

८/ अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हाच डाव दूरचित्रवाणीच्या पैशावर चालतो. ‘बिग टेन’ या गटात २०२४ पासून १८ विद्यापीठे आहेत, त्यांत प्रशांत किनाऱ्यावरचीही चार. शतकाहून जुन्या ‘पॅक-१२’ गटात त्या वर्षी दोनच उरली.

९/ धर्म, संस्थान, राज्य, पैसा: मोजपट्टी बदलते. माझ्या मते प्रत्येक फेरमांडणीला एकच प्रश्न विचारावा: या वेळी ‘उरलेले’ कोण? घाटाखालच्या मुलाची बॅट कुणाच्या यादीत मोजली जाईल, हे तो पहिला चेंडू खेळण्याआधीच ठरलेले असते. ते कुणी, कसे ठरवले, हे शोधणे हाही इतिहासच.