जामसांवलीचा निजलेला मारुती आणि जत्रेच्या आखाड्याचा हिशेब

नागपूरहून सावनेर, तिथून मध्य प्रदेशची हद्द ओलांडून सौंसर आणि पुढे पांढुर्ण्याच्या दिशेने निघाले की जामसांवली येते. नागपूरपासूनचे अंतर साठ-सत्तर किलोमीटर. पाटीवर नाव 'जामसांवली' असले तरी घराघरांत 'जामसावळी' असेच म्हणतात. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. राज्यांची फेररचना झाली, नागपूर इकडे आले आणि छिंदवाडा जिल्हा तिकडे राहिला. २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके काढून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. हद्द बदलली, पण भाषा, संत्र्यांच्या बागा आणि पोळा तेच राहिले.

इथला मारुती उभा नाही, निजलेला आहे. पिंपळाखाली आडव्या पहुडलेल्या या मूर्तीच्या नाभीतून येणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. मंगळवारी, शनिवारी रांगा लागतात आणि हनुमान जयंतीला तर पाय ठेवायला जागा नसते. आता 'हनुमान लोक' या नावाने परिसराचा मोठा विस्तारही हाती घेतला आहे. आपल्याकडे मारुती हे बळाचे दैवत. जिथे तालीम, तिथे तो असायचाच. इथून जवळच्याच अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेली व्यायामसंस्थाही त्याच्याच नावाची. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. म्हणजे आपले खेळ परदेशी पोचून नव्वद वर्षे होत आली. पोचणे जमले, दरवर्षी जात राहणे ही वेगळी गोष्ट.

हा प्रश्न सध्या रग्बीवाल्यांनाही पडला आहे, आणि तो समजून घ्यायला जाम नदीचा काठ बरा. याच नदीवर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. असाच प्रकार इंग्लंडमधल्या ॲशबोर्न गावात आहे. तिथेही मध्ये ओढा आणि दोन काठांची दोन गावपथके. फक्त दगडाऐवजी चेंडू आणि झेंड्याऐवजी पाण्यात उभे राहून गाठायचे लक्ष्य. अशाच गावगोंधळी खेळांना नियम, पंच आणि मैदानाच्या रेषा मिळत गेल्या, तेव्हा त्यातून फुटबॉल आणि रग्बी घडले.

रग्बीची पुढे दोन घरे झाली. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डला बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. भांडण पैशाचेच होते. गिरणी-खाणीतल्या खेळाडूंची शनिवारी खेळण्यासाठी मजुरी बुडायची, ती भरून द्या एवढेच त्यांचे मागणे होते. त्यातून आला तो रग्बी लीग, तेरा-तेरा खेळाडूंचा. आपल्याला तो सहज कळेल, कारण त्यात कबड्डीची चव आहे. चेंडू घेऊन घुसणाऱ्याला पकडून पाडायचे. तो उठून चेंडू मागे सरकवतो आणि पुन्हा चढाई. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्याकडे.

याच खेळाचे छोटे रूप म्हणजे नाइन्स. नऊ खेळाडू, नऊ मिनिटांचा अर्धा डाव. ऑकलंडला २०१४ ते २०१७ अशी चार वर्षे क्लबांची स्पर्धा झाली. पहिल्या वर्षी उत्साह दांडगा, मग गर्दी ओसरली आणि ती तिथे थांबली. २०१९ मध्ये सिडनीजवळ पॅरामाटाला देशांचा विश्वचषकही झाला. पण वर्षभर देशोदेशी फिरणारी मालिका काही उभी राहिली नाही.

दुसऱ्या घराचे, म्हणजे रग्बी युनियनचे सेव्हन्स मात्र टिकले. त्याचे मूळ पाहण्यासारखे आहे. १८८३ मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोज या लहानशा गावात क्लबची तिजोरी रिकामी होती. नेड हेग नावाच्या खाटकाने सुचवले, की क्रीडामेळ्यात सात-सात जणांचे छोटे सामने ठेवू. मेळ्याला माणसे येणारच होती. खेळ त्यांच्यापुढे मांडला. हाँगकाँगची स्पर्धा १९७६ पासून गाजते आहे, तीही निम्मी जत्राच. असे असूनही सेव्हन्सच्या जागतिक मालिकेला खर्च झेपेना. सोळा संघांचे बारा झाले, बाराचे आठ. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या खेळाची ही कथा, तर ऑलिंपिक नसलेल्या रग्बी लीगची काय असणार? ऑलिंपिक नाही म्हणजे बहुतेक देशांत सरकारी मदत अवघड. आणि मदत नाही म्हणजे विमानाची तिकिटे काढणार कोण?

आपल्याकडेही हाच हिशेब सुरू आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची, सेव्हन्सची. सगळे सामने एकाच मैदानावर, त्यामुळे प्रवासखर्च आटोक्यात. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या आपल्या दोन मराठी कर्णधारांनी दोन्ही चषक भारताला मिळवून दिले. आनंदाचीच गोष्ट. पण एक विश्वचषक भरवणे वेगळे आणि दरवर्षी तो गाडा ओढणे वेगळे.

गाडा ओढायची रीत आपल्या जत्रांना मात्र ठाऊक आहे. गावची यात्रा देवासाठी भरते. माणसे दर्शनाला येतात आणि संध्याकाळी आखाड्याभोवती बसतात. वर्गणीतून इनाम ठरते. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होऊन मोठ्या इनामाची जोड शेवटी लागते. पैलवान एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला जातात. कुठलेही महामंडळ नसताना ही फेरी पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. कारण साधे आहे: गर्दी जमवायचा खर्च खेळावर पडत नाही, आणि पुढचे गाव एका दिवसाच्या वाटेवर असते.

म्हणून रग्बी लीगच्या छोट्या खेळाची स्वतंत्र जागतिक मालिका चालेल का, असे विचाराल तर माझे उत्तर 'नाही' असे आहे. जवळजवळच्या चार-पाच देशांनी एखाद्या भरलेल्या मेळ्याला किंवा मोठ्या सामन्याला जोडून दोन दिवसांचे सामने ठेवले, तर मात्र तो तग धरेल. खेळ लहान करून भागत नाही, फेराही लहान हवा.

आणि यात आपल्या मुलांचे काय, हा खरा प्रश्न. सौंसर-पांढुर्ण्याच्या गावांत धावणारी, पकड घेणारी, दम असलेली पोरे-पोरी आहेत. त्यांना परदेशी मालिकेच्या स्वप्नाआधी आखलेले मैदान हवे, शिट्टी वाजवणारा जाणता पंच हवा आणि गुडघा फुटला तर बांधणारा कोणी हवा. गोटमारीत यातले काहीच नसते, म्हणून तिथे रक्त सांडते. जामसांवलीत गर्दी आहे, जागा घडते आहे. हनुमान जयंतीच्या आसपास आजूबाजूच्या दहा गावांच्या मुलामुलींची दोन दिवसांची कबड्डी-खोखो स्पर्धा तिथे बसवायला फार पैसा लागणार नाही. बळाच्या देवाच्या दारी त्याहून शोभणारा नवस कोणता?