लांबलेली वाट

मराठीतला एक अव्वल प्रवासग्रंथ ठरवल्यापेक्षा फार लांबलेल्या प्रवासातून जन्मला, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांसोबत उत्तरेकडे निघाले ते मथुरेस बायजाबाई शिंदे करणार असलेल्या यज्ञाची दक्षिणा मिळवण्यासाठी. घरचे दारिद्र्य फिटावे, एवढाच हेतू. वाटेत बंड पेटले, झाशीचा वेढा पाहावा लागला, मिळवलेले लुटले गेले आणि काही वर्षांनी ते घरी पोहोचले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. 'माझा प्रवास' १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी संस्कार करून छापला. मूळ संहितेसाठी १९६६ सालच्या दत्तो वामन पोतदारांच्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. प्रवास ठरल्याप्रमाणे पार पडता, तर हाती उरली असती फक्त दक्षिणेची यादी.

वरसईच्याच रायगड जिल्ह्यात, तळोज्याच्या आसपास, गेल्या हिवाळ्यात आमची एक सायकलफेरी लांबली तेव्हा या ग्रंथाची आठवण झाली. तुलना नव्हे; ती हास्यास्पद ठरेल. पण लांबलेली वाट माणसाला काय दाखवते, हा प्रश्न मात्र तोच होता.

बेत साधा होता. जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली घेऊन पेंधरहून निघायचे, मलंगगडाच्या पायथ्याशी वावंज्याला जायचे आणि परतताना शेतांमधली कच्ची वाट धरून तळोज्यात उतरायचे. सगळे मिळून पंचवीसेक किलोमीटर. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या खांबांखालून निघालेला माणूस थोड्याच वेळात भाताच्या रिकाम्या खाचरांपाशी येतो, हे या भागाचे वैशिष्ट्य. मधल्या पट्ट्यात औद्योगिक वसाहत आणि कासाडी नदी. ऑगस्ट २०१७ मध्ये इथले भटके कुत्रे रंगाच्या सांडपाण्याने निळे झाले आणि ती छायाचित्रे जगभर गेली. नदीबद्दल कोळी वर्षानुवर्षे जे सांगत होते, त्याला मात्र तेवढे श्रोते मिळाले नव्हते.

जाणे निर्वेध झाले. परतीची वाट मात्र एका नव्या पत्र्याच्या कुंपणापाशी संपली. पलीकडे तीच वाट पुढे जाताना दिसत होती. बैलगाडीच्या चाकोऱ्याही स्पष्ट होत्या. कुंपणाच्या कडेने सायकली खांद्यावर घेऊन जाऊन पाहिले, तर पुढे खोल चर खणलेला. जवळच गवताचा भारा उतरवून एक आजी टेकल्या होत्या. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "वाट व्हती रं बाला. आता कंपाऊंड घातलाय. तुमाला लांब परंल."

लांब पडेल, म्हणजे किती? आमच्या फोनवरच्या नकाशात ती वाट अजून शाबूत होती आणि अंतर तीन किलोमीटर दिसत होते. आजींनी किलोमीटर सांगितले नाहीत. पूर्वी भारा घेऊन जाताना त्या मध्ये एकदा टेकत, आता तीनदा टेकावे लागते, असे त्या म्हणाल्या. अंतराचे याहून नेमके माप आम्हाला ठाऊक नाही.

आम्ही मोठा वळसा घेतला. चिंध्रण, कानपोली, नितळस ही गावांची नावे पाट्यांवर वाचत, ट्रकच्या धुरळ्यातून, चढाला सर्वांत हलका गिअर टाकून. पंचवीसचे बेचाळीस किलोमीटर झाले. मांड्या भरून आल्या, पाणी संपले, एका टपरीवर दोनदा चहा झाला. घरी आल्यावर या वाढीव सतरा किलोमीटरांचे कौतुकच झाले. आमच्यासाठी तो व्यायाम होता, सांगण्याजोगा प्रसंग होता.

इथेच मन अडखळते. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात आंदोलन झाले आणि गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. जमिनीच्या हिशेबाला निदान सातबारा असतो, मोबदल्याचा दर असतो, त्यासाठी लढताही येते. पायाखाली पडलेल्या वाटेचा असा हिशेब क्वचितच लागतो. काही वाटा सरकारी नकाशात असतात. पुष्कळशा केवळ लोकांच्या वहिवाटीत. 'वहिवाट' या शब्दातच वाट आहे: वापर थांबला की हक्कही पुसट होतो. पत्र्याचे कुंपण एका दुपारीत उभे राहते आणि ज्याचे अंतर वाढले त्याला कोणी विचारत नाही.

गोडसे भटजींचे मोठेपण आम्हाला इथे जाणवते. स्वतःच्या हालांबरोबर त्यांनी वाटेतल्या माणसांचे हालही नोंदवले. त्यांची लांबण त्यांच्यापुरती राहिली नाही. आजच्या भटकंतीच्या लेखनात चढ, वेग, किलोमीटर, छायाचित्रे सगळे असते. नसते ते त्या वाटेने रोज जाणाऱ्याचे माप. आमचा प्रवास एका सकाळपुरता लांबला. त्या आजींचा रोजचाच लांबला आहे, आणि त्याचे वर्णन लिहायला त्यांना सवड नाही.