सांध्यांची परीक्षा

सॉफ्टवेअर चाचणीचे प्रकार आणि पातळ्या शिकवताना त्या बहुधा शिडीच्या पायऱ्यांसारख्या मांडल्या जातात, आणि खालच्या पायरीवर पाय पक्का रोवला की वरची पायरी निम्मी तरी सर झाली, असा समज त्या मांडणीतूनच शिकणाऱ्याच्या मनात रुजतो. या व्यवसायात इतका महागात पडणारा समज दुसरा नसेल. प्रत्येक पातळीचा प्रश्न निराळा असतो, आणि एका प्रश्नाचे बिनचूक उत्तर मिळाले म्हणून ते दुसऱ्या प्रश्नाच्या खात्यावर जमा होत नाही.

सर्वांत आतली पातळी युनिट टेस्टिंगची, म्हणजे प्रोग्रॅममधले एखादे फंक्शन बाकीच्या पसाऱ्यातून अलग काढून, त्याला ठरावीक माहिती पुरवून, येणारे उत्तर अपेक्षेशी ताडून पाहण्याची. अर्जदार सज्ञान आहे की नाही हे सांगणारे फंक्शन घेतले, तर नवखा परीक्षक त्याला दहा, तीस आणि सत्तर वर्षांची वये देऊन समाधान मानतो. मुरलेला परीक्षक मात्र अठराव्या वाढदिवसाचा आदला दिवस, तो दिवस आणि दुसरा दिवस अशा तीन तारखा देतो, कारण चुका नियमाच्या मध्यावर क्वचित राहतात, त्या कडेला राहतात. या पद्धतीला सीमामूल्य चाचणी म्हणतात. अठरा वर्षे म्हणजे अठरा गुणिले ३६५ दिवस असा हिशेब कोडमध्ये लिहिला गेला असेल, तर मधल्या लीप वर्षांमुळे ते फंक्शन माणसाला चार-पाच दिवस आधीच सज्ञान ठरवते, आणि ही चूक त्या आदल्या दिवसाच्या तारखेलाच पकडली जाते. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचे काय, हा प्रश्न त्याच ओघात निघतो. लीप वर्षात अठरा मिळवले की येणारे वर्ष कधीच लीप नसते, त्यामुळे अशा माणसाच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख कॅलेंडरमध्ये नसतेच; तेव्हा २८ फेब्रुवारी धरायची की १ मार्च, हा निर्णय प्रोग्रॅमरने परस्पर घ्यायचा नसतो, तो ग्राहकाकडून लेखी मागवायचा असतो. एकही चूक सापडली नाही आणि असा एक प्रश्न तेवढा वर आला, तरी त्या चाचणीचे चीज झाले असे समजावे.

त्यापुढची पातळी इंटिग्रेशन टेस्टिंगची. स्वतंत्रपणे पारखलेले भाग एकमेकांना जोडल्यावर त्यांच्यातली देवघेव नीट होते का, हे ती पाहते. जोडायचा भाग अजून तयार नसेल, किंवा महाग वा अवघड असेल, तर त्याच्या जागी ठरलेली उत्तरे देणारा एक तोतया बसवतात, त्याला स्टब म्हणतात. स्टबवाचून हे काम चालत नाही, हे खरे. पण तो त्याच्या कर्त्याला अपेक्षित असलेलेच उत्तर देतो, आणि खरा भाग जेव्हा अपेक्षेबाहेर वागतो तेव्हाचे वर्तन तर चाचणीला पाहायचे असते.

या तोतयाची किंमत ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथे कळली, जेव्हा एरियान ५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुमारे ४० सेकंदांत संपले आणि त्यावरचे क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह नष्ट झाले. अग्निबाणाची गती आणि कल सांगणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियान ४ वरून घेतलेले होते, आणि तिथे ते वर्षानुवर्षे निर्धोक चालले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित असलेली ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात असे, आणि त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान ४ च्या उड्डाणमार्गावर ही मर्यादा ओलांडली जाणे शक्य नव्हते. एरियान ५ चा आडवा वेग मात्र पाचपट झपाट्याने वाढत होता. संख्या मावली नाही, राखीव संगणक बंद पडला, आणि त्याच सॉफ्टवेअरवर चालणारा मुख्य संगणक क्षणार्धात त्याच्यामागून गेला. बंद पडताना त्याने पाठवलेला बिघाडाचा तपशील मार्गदर्शक संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचला आणि इंजिनांची तोंडे टोकापर्यंत वळवली. ज्या गणनेत हे घडले, तिचा उड्डाणानंतर काही उपयोगही उरलेला नव्हता.

चौकशी मंडळाच्या अहवालातला परीक्षकाला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग याच्या पुढचा आहे. संपूर्ण प्रणालीच्या चाचण्या झाल्या होत्या, पण त्यांत ही खरी यंत्रणा बसवलेली नव्हती. तिच्या जागी तिच्या वर्तनाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर होते, कारण ती यंत्रणा तिच्या पातळीवर आधीच मान्य झालेली होती. अपघातानंतर त्याच सॉफ्टवेअरला त्या उड्डाणाच्या मार्गाची माहिती जमिनीवरच पुरवण्यात आली, तेव्हा घटनांची सारी साखळी जशीच्या तशी पुन्हा घडली. म्हणजे चाचणी करता येण्याजोगी होती.

पातळी म्हणजे कुठे उभे राहून पाहायचे, आणि प्रकार म्हणजे काय शोधायचे, असा भेद मनात धरला तर पुस्तकांतली लांबलचक वर्गीकरणे पुष्कळ सुसह्य होतात. कोड उघडून त्यातली प्रत्येक वाट चालून पाहणे ही व्हाइट बॉक्स चाचणी, कोड न पाहता केवळ वर्तन पारखणे ही ब्लॅक बॉक्स. लोड टेस्टिंग गर्दीचा भार पाहते, तर रिग्रेशन टेस्टिंग नव्या बदलाने जुने चालते काम मोडले नाही ना, हे पाहते. यांपैकी कोणताही प्रकार कोणत्याही पातळीवर कमीअधिक प्रमाणात उपयोगी पडतो.

शेवटच्या पातळीवर, म्हणजे स्वीकृती चाचणीत, प्रणाली तिच्या खऱ्या वापरकर्त्याच्या हाती जाते, आणि मराठी नावांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीत या पातळीला पर्याय नाही. कऱ्हाडे हे साधे आडनाव घ्यावे. त्यातला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत जोडतात, तर दुसरीत नेहमीचा र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी उमटतात, पण पहिल्यात सात संकेत असतात आणि दुसऱ्यात आठ; यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत पहिले २१ बाइटांचे होते, दुसरे २४ बाइटांचे. जतन करणाऱ्या फंक्शनची युनिट चाचणी दोन्हींना उत्तीर्ण करते, डेटाबेसशी जोडणीही बिनबोभाट पार पडते, कारण दोन्ही नावे जशी दिली तशीच परत येतात. पण नोंद करणाऱ्याचा कीबोर्ड एक आणि शोधणाऱ्याचा दुसरा असेल, तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचे नाव यादीत नाही असे सांगितले जाते, आणि तो कर्मचाऱ्याच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणतो, की ते तर समोरच आहे.