समुद्रातून आलेला इशारा

राक्षसांच्या कथा सर्वच देशांत सांगितल्या जातात. मुले त्या भीत भीत ऐकतात आणि संपल्या की पुन्हा सांगा म्हणून हट्ट धरतात. परंतु ज्याची कथा मोठ्या माणसांनाही विचार करावयास लावते, असा राक्षस विरळाच. जपानचा गोजिरा हा तसा एक राक्षस होय.

३ नोव्हेंबर १९५४ रोजी ‘गोजिरा’ हा कृष्णधवल चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या मिलाफातून हे नाव बनले. पुढे जगाने त्याला गॉडझिला म्हटले. समुद्राच्या तळाशी युगानुयुगे दडून राहिलेला हा प्रचंड प्राणी हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे आपल्या आश्रयस्थानातून बाहेर पडतो. पन्नास मीटर उंचीचा तो जीव टोकियोत शिरतो, घरे चिरडतो, आगी लावतो. तोफा आणि विमाने त्याच्यापुढे हतबल होतात.

हा प्राणी पडद्यावर आला कसा? चमत्कृतिदृश्यांचे जाणकार एइजी त्सुबुराया यांना १९३३ सालच्या ‘किंग काँग’ या अमेरिकन चित्रपटाने भारून टाकले होते. त्यात लहान बाहुल्या किंचित किंचित हलवून प्रत्येक स्थितीचे वेगळे चित्र घेतले होते. त्या पद्धतीस फार काळ लागला असता. म्हणून त्सुबुरायांनी राक्षसाच्या पोशाखात माणूसच उभा केला. हारुओ नाकाजिमा या नटाने सुमारे शंभर किलो वजनाचा तो पोशाख अंगावर वागवला. भारी प्राणी कसे चालतात, हे पाहण्यासाठी तो प्राणिसंग्रहालयात जाई. छोट्या छोट्या इमारतींचे नगर उभारून त्यातून तो चालला. चित्रण अधिक वेगाने करून ते नेहमीच्या गतीने दाखविल्यामुळे त्याची पावले संथ आणि अवजड भासली. संगीतकार आकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेप्रमाणे एका मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासण्यात आला आणि त्यातून राक्षसाची डरकाळी जन्मास आली.

परंतु हे सारे झाले कौशल्य. चित्रपटातील दुःख मात्र बनावट नव्हते. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धानंतर १९४६ साली मायदेशी परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा पाहून आले होते. शिवाय चित्रपट निघाला, त्याच वर्षी एक भयंकर घटना घडली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट अंदाजाच्या दुपटीहून अधिक शक्तिशाली ठरला. धोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही मासेमारी नौका होती. तिच्यावरील तेवीस खलाशांच्या अंगावर किरणोत्सर्गी पांढरी राख पडली. सर्वजण आजारी पडले. नौकेवरील तारायंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरात मरण पावले. चित्रपटाच्या आरंभीही शांत समुद्रात एका नौकेवर अकस्मात प्रकाशाचा लोळ येतो आणि ती बुडते. ते दृश्य पाहताना जपानी प्रेक्षकांना कशाची आठवण झाली असेल, हे सांगावयास नको.

चित्रपटात सेरिझावा नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ आहे. पाण्यातील प्राणवायू नाहीसा करून जीवमात्र मारणारे साधन त्याला गवसलेले असते. त्याने गोजिरा मरेल. पण ते सत्ताधाऱ्यांच्या हाती पडले तर बॉम्बहून भयानक अस्त्र होईल, ही चिंता त्याला सतावते. इतक्यात शाळकरी मुलींनी गायिलेली शांततेची प्रार्थना त्याच्या कानी पडते. त्याचा निश्चय होतो. तो आपले सर्व कागद जाळतो. पण कागद जळले, तरी ज्ञान डोक्यात उरतेच! म्हणून समुद्रतळाशी ते साधन एकदाच वापरून तो आपली दोरी स्वतः कापतो आणि राक्षसाबरोबर प्राणार्पण करतो. अखेरीस वृद्ध प्राध्यापक यामाने खिन्नपणे म्हणतात, की चाचण्या चालूच राहिल्या तर असा दुसरा प्राणी कोठेतरी प्रकट होईल.

हा प्रश्न एकट्या जपानचा नव्हता. २ एप्रिल १९५४ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी भारताच्या लोकसभेत अशा चाचण्या थांबविण्याचे आवाहन केले होते.

१९५६ साली अमेरिकेत या चित्रपटाची जी आवृत्ती निघाली, तीतून यामानेंचा तो इशारा गाळण्यात आला. पुढे तीसहून अधिक चित्रपटांतून गोजिरा आला. कधी तो पृथ्वीचा रक्षक झाला, तर कधी मुलांचा लाडका सवंगडी झाला. तरी मूळचे दुःख पुसले गेले नाही. युद्धाने होरपळलेल्या जपानची कथा सांगणाऱ्या २०२३ सालच्या गोजिराच्या चित्रपटाला चमत्कृतिदृश्यांसाठी २०२४ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले.

टोकियोतील एका संग्रहालयात ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही लाकडी नौका १९७६ सालापासून जतन करून ठेवली आहे. पडद्यावरचा राक्षस म्हणजे रबराच्या पोशाखात घामाघूम झालेला एक माणूस होता, हे कळले की त्याची भीती ओसरते. त्या नौकेवर पडलेली राख मात्र खरी होती.