पिलाचे दांत आणि पिलाचीं खेळणीं

घरांत कुत्र्याचें पिलूं आलें, कीं पहिल्या आठवड्यांत त्याचें कौतुक होतें आणि दुसऱ्या आठवड्यांत त्याच्यावर खटला भरला जातो. वहाण कुरतडली, चटईच्या दशा ओढल्या, दप्तराचा पट्टा चावला, असे आरोप एकामागून एक येतात. ह्या मुक्या आरोपीचें वकीलपत्र आज आम्ही घेत आहों.

पिलास दुधाचे दांत २८ असतात. तें सुमारें तीन आठवड्यांचें झालें, कीं ते फुटूं लागतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडूं लागून सातव्या महिन्याच्या सुमारास ४२ पक्के दांत येतात. ह्या काळांत त्याच्या हिरड्या सारख्या शिवशिवतात. दांत येत असतां धाकटें भावंड हाताला लागेल तें तोंडांत घालतें, हें बालवाचकांनीं पाहिलेंच असेल. तेव्हां चावणें हा पिलाचा दुर्गुण नसून त्याची गरज आहे. कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, ही म्हण येथें लागू पडत नाहीं. योग्य वस्तु मिळाली, कीं ह्या संवयीस वळण लागतें.

परंतु योग्य वस्तु कोणती? आमचा मोत्या अडीच महिन्यांचा असतांना आम्हां भावंडांत ह्यावरून मोठा वाद झाला. कोणी म्हणे हाड द्यावें, कोणी म्हणे करवंटी, तर आजी म्हणे, "एखादी जुनी वहाण टाका बिचाऱ्यापुढें." त्याच सुमारास शेजारच्या पिलानें आंब्याची कोय गिळली. ती आंतड्यांत अडकून बसली. दोन दिवस तें अन्न ओकून टाकीत होतें, पण काय होतें आहे हें सांगावयास त्यास वाणी नव्हती. शस्त्रक्रिया करून कोय काढली, तेव्हां कोठें त्याचे प्राण वांचले. मग आमचा वाद आपोआप थांबला आणि आम्ही मोत्यास घेऊन पशुवैद्यांकडे गेलों.

त्यांनीं आम्हांस ज्या कसोट्या सांगितल्या, त्या येथें देतों. पहिली कठीणपणाची. खेळण्यावर नख दाबून पाहावें. तें किंचितहि दबत नसेल, तर पिलाच्या दांतांस तें घातक समजावें. करवंटी, शिंग, खूर ह्यांनीं दाढेची कपची उडते. शिजलेल्या हाडाच्या तर अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या घशांत रुततात. दुसरी आकाराची. खेळणें अख्खें तोंडांत मावतां कामा नये. पिलूं वाढेल तसें तें बदलावें. तिसरी सुट्या भागांची. गुंड्यांचे डोळे, आंतील शिट्टी, लोंबणारा दोरा हे सर्व गिळले जातात. त्यांत दोरा अधिक वाईट. परकराच्या नेफ्यांत नाडी ओढली असतां कापड जसें चुणत जातें, तशीं आंतडीं त्या दोऱ्यावर चुणत जातात. पोकळ रबरी खेळण्यास दोन छिद्रें असावीं. एकच असल्यास हवा शोषली जाऊन जीभ आंत अडकण्याचें भय असतें.

आजीच्या वहाणेविषयीं ते हंसून म्हणाले, "जुनी आणि नवी हा भेद माणसांचा. पिलाला दोन्ही वहाणा सारख्याच."

मोत्यास शेवटीं दोन छिद्रांचें मऊ रबरी खेळणें मिळालें. त्याच्या हिरड्या फार शिवशिवूं लागल्या, म्हणजे जाड सुती फडकें भिजवून, पिळून, थंड करून आम्ही त्यास देत असूं. मात्र एकानें जवळ बसून राहावयाचें, हा नियम होता. आपला हात हें पिलाचें खेळणें कधींच होऊं देऊं नये. खेळतांना दांत लागून ओरखडा उठला, तर साबण व वाहतें पाणी ह्यांनीं १५ मिनिटें धुवून, घरांत सांगून, त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. पिलूं घरचें आहे म्हणून ही गोष्ट लपवूं नये.

पिलूं पुढें पडेल तें चावतें. पुढें काय पडावें, हें आपण ठरवितों. ज्याच्या हातीं निवड, त्याच्याच माथीं जबाबदारी. म्हणून रोज सायंकाळीं खेळणें हातांत घेऊन नीट पाहावें, आणि त्याचा तुकडा निघूं लागला असेल, तर तें कितीहि आवडतें असलें तरी टाकून द्यावें.